लग्नपत्रिकेची काळी प्लेट

लग्नपत्रिकेत काळी शाई नको, हे गिऱ्हाईक सांगत बसत नाही, आपण समजून घ्यायचं असतं. काळी शाई माणूस गेल्यावरच्या कार्डाची. काळी किनार, मधे फोटो, खाली 'शोकाकुल' म्हणून पंधरा-वीस नावं. लग्नाला लाल, सोनेरी, फार तर मोरपंखी. मी वीस वर्षं इथल्या एका प्रेसमध्ये कंप्युटरवर बसतो, छपाईच्या आधीचं सगळं काम माझ्याकडं, आणि या वीस वर्षांत फोटो सोडला तर एकाही पत्रिकेवर मी काळा ठिपका जाऊ दिला नव्हता.

माझं काम काय आहे हे घरच्यांनासुद्धा अजून नीट कळलेलं नाही. बायको पाहुण्यांना सांगते, "हे डिझाइन करतात." अगं, डिझाइनवाले वेगळे! ते रंगांचा सावळा गोंधळ घालून फाइल पाठवतात आणि मी निस्तरतो. कागदावर दिसतं ते चित्र एका झटक्यात छापलं जात नाही. प्रत्येक रंगाची ॲल्युमिनियमची वेगळी प्लेट निघते आणि त्या एकामागून एक त्याच कागदावर उमटतात. फाइलमधले रंग असे सुटे करून बघणं म्हणजे सेपरेशन. फोटो असला तर निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा एवढ्या चारांत भागतं. पण एखाद्याला त्याचाच एक ठरावीक लाल पाहिजे असला की तो चारांत जमत नाही. मग त्या लालाची शाई वेगळी घोटायची, प्लेट वेगळी काढायची. तो स्पॉट कलर. त्याला फाइलमध्ये नाव द्यावं लागतं, नाहीतर मशीनवर कुणाला काही कळत नाही.

मी बसतो त्या खोलीच्या भिंती राखाडी आहेत आणि खिडकीला काळा कागद चिकटवलाय. रंग खरे दिसावेत म्हणून. बाहेर भर दुपारचं ऊन मी म्हणत असतं आणि आत किती वाजले ते कळत नाही. स्क्रीनवर रंगांची यादी उघडली की प्रत्येक रंगापुढं एक बारीक डोळा असतो. तो बंद केला की तेवढा रंग निघून जातो. नवीन होतो तेव्हा मला याची भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. निवडणुकीच्या पत्रकावरचा हसरा उमेदवार घ्या. गुलाबी बंद केला की त्याच्या तोंडावरचं रक्त उतरतं. पिवळा काढला की तो आजारी दिसतो. आणि नुसता काळा ठेवला की केस, नाकपुड्या अन् डोळे तेवढे उरतात. त्या डोळ्यांना आपण कुणाकडं बघतोय हे ठाऊक नसतं. नवरा-नवरीचे फोटो असले की मी काळी प्लेट एकटी बघायचं टाळतो, अजूनही.

आता दादाचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी तो डबा घेऊन शेंद्र्याला कंपनीत निघाला आणि पोचलाच नाही. गाडी सापडली ती खुलताबादच्या रस्त्याला, घाटाच्या खाली, स्टँडवर नीट लावलेली, हँडल लॉक केलेलं, डबा हुकाला तसाच. आम्ही राहतो पडेगावला. शेंद्रा एका टोकाला, खुलताबाद दुसऱ्या. ड्युटीला निघालेला माणूस उलट्या अंगाला कशाला जाईल, याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

बारा दिवसांनी मला पोलिसांचा फोन आला. डोंगराकडच्या तलावात एक प्रेत सापडलंय, सरकारी दवाखान्यात ठेवलंय, बघून जा. मी कुणाला न सांगता गेलो. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. पण कमरेला करदोटा होता आणि करदोट्यात एक पितळी मणी. आमच्या आईनं आम्हा दोघा भावांच्या करदोट्यात एकसारखा मणी ओवला होता. माझ्या कमरेला तो अजून आहे. हवालदारानं विचारलं, "तुमचाच माणूस का?"

मी म्हणालो, "नाय."

का म्हणालो? आठ वर्षं मी स्वतःला हेच विचारतोय. व्हय म्हणालो असतो तर त्याच पावली घरी जाऊन वहिनीला सांगावं लागलं असतं. तिची पोरगी तेव्हा आठवीत. म्हटलं आज राहू दे, उद्या येऊन सांगतो, चूक झाली म्हणतो. घरी आलो तर वहिनी दारातच उभी. "कुठं गेला होता, भाऊजी?" मी सांगून टाकलं, एक प्रेत दाखवायला बोलावलं होतं, तो दादा नाय. ती मग म्हणाली, "नीट बघितलं ना?" मी म्हटलं, "व्हय." ती म्हणाली, "मग बरं," आणि आत जाऊन तिनं स्वयंपाकाला हात घातला. उद्याचा परवा झाला, परवाचा आठवडा. ते प्रेत बेवारस म्हणून गेलं. माझा भाऊ बेवारस गेला आणि मी त्या दिवशी इथं बसून साबणाच्या खोक्याचे रंग लावत होतो.

यंदा पुतणीचं लग्न ठरलं. पत्रिका काकाच करणार, यात प्रश्नच नव्हता. ती प्रेसमध्ये आली ती आईची कुंकवाची डबी घेऊनच. "काका, अक्षरं या लालात पाहिजेत. बरोब्बर या."

माझं डोकंच फिरलं. "अगं बाई, कुंकू ही भुकटी, शाई ही शाई. कागदावर सुकल्यावर रंग बदलतो. उगं काहीतरी डोक्यात घेऊन येता."

"तुम्हाला येतंय सगळं. भाव खाऊ नका," ती म्हणाली आणि डबी टेबलावर ठेवून निघून गेली.

मशीनवर आमचे चाचा आहेत, हयात शाईत गेलेला माणूस. त्यांनी चिमूटभर कुंकू कागदावर अंगठ्यानं घासलं, उजेडात धरलं आणि तीनदा घोटून तो लाल आणून दिला. मी फाइलमध्ये त्या रंगाचं नाव 'कुंकू' ठेवलं. दुसरा सोनेरी, किनारीला. दोन रंग, दोन प्लेटा, विषय संपला.

मजकूर वहिनीनं वहीच्या कागदावर लिहून पाठवला होता. वधूपित्याच्या जागी दादाचं नाव आणि नावाआधी 'श्री.'. गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कै.' लागतं, जिवंत माणसाच्या 'श्री.'. बेपत्ता माणसासाठी काही अक्षर नाही. मुलाच्या वडलांनी मला आडून आडून विचारलंही होतं, "नावाआधी काय लावणार? आमच्याकडं लोक विचारतील हो." मी म्हणालो, वहिनी म्हणेल तसं. आणि वहिनीचं म्हणणं तिच्या त्या गोल अक्षरात समोर पडलं होतं. कहर म्हणजे खाली निमंत्रकांच्या नंबरांत तिनं दादाचा मोबाईल नंबरही लिहिला होता. त्याचं सिम ती आठ वर्षं जिवंत ठेवतेय. दर महिन्याला रिचार्ज, जुन्या हँडसेटमध्ये, कपाटात चार्जिंगला लावून.

दादाच्या नावाशी आलो आणि बोटं थांबली. मला राग आला. तिचा, त्या रिचार्जचा, आणि सगळ्यात जास्त माझा. 'श्री.' लिहायचं ते सोडून मी 'कै.' टाइप केलं. नुसतं बघायला, त्याच्या नावाआधी कसं दिसतं ते. सॉफ्टवेअरमध्ये नवीन अक्षर आपोआप काळंच उमटतं, तसं ते काळं उमटलं. तेवढ्यात मालक दार ढकलून आत आले. मी चोरासारखा दचकलो आणि ते अक्षर उचलून कागदाखाली सारलं.

कागदाखाली म्हणजे काय ते सांगतो. पत्रिकेचा कागद दुधी रंगाचा होता. स्क्रीनवर गिऱ्हाइकाला अंदाज यावा म्हणून आम्ही मजकुराच्या मागं एक दुधी चौकोन टाकतो आणि हा छापायचा नाही असं सॉफ्टवेअरला सांगून ठेवतो. त्या चौकोनाखाली काही गेलं की दिसत नाही. मालक गेल्यावर पुसू म्हटलं. मग 'श्री.' लिहिलं, बाकीची नावं लावली. मोठ्या कागदावर एका वेळी चार पत्रिका बसतात म्हणून तीच पत्रिका चार वेळा मांडली. 'कै.' मी पुसलंच, असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणीला बसलो. माझा एक नियम आहे. कार्डावरचा प्रत्येक फोन नंबर फिरवून बघायचा. एका चुकलेल्या आकड्यापायी मी लई शिव्या खाल्ल्यात. प्रेसच्या लँडलाइनवरून मी एकेक नंबर लावत गेलो. मामाचा लागला, माझा खिशात वाजला, आणि सवयीनं, काही विचार न करता, पुढचा फिरवला. रिंग गेली. मग माझ्या लक्षात आलं मी कुणाला फोन लावलाय, पण हातातून रिसीव्हर सुटेना. चौथ्या रिंगला कुणीतरी उचलला.

पलीकडं नुसता श्वास. मग अगदी बारीक आवाज आला, "तुम्ही का?"

वहिनी मला अहो-जाहो करते, पण ते 'तुम्ही' माझं नव्हतं. तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. मी फोन ठेवून दिला. आठ वर्षांत तो फोन किती वेळा वाजला असेल, आणि वाजला तो माझ्यामुळं!

कामात मन घालावं म्हणून मी सेपरेशनची यादी उघडली. कुंकू. सोनेरी. काळा.

काळा कुठून आला? मी चष्मा पुसला, परत बघितलं. तीनच. चारांपैकी पहिलीच पत्रिका स्क्रीनभर मोठी करून बघत होतो, बाकीच्या तीन दिसत नव्हत्या. कुंकवाचा डोळा बंद केला. गणपती गेला, नवरा-नवरी गेले, सगळी आमंत्रणं, सगळे मामा-मावश्या गेल्या. सोनेरी बंद केला, किनार गेली. दुधी चौकोन छापायचाच नसल्यानं ही यादी उघडली की तो आपोआप निघून जातो. पांढऱ्या स्क्रीनवर एका जागी 'कै.' तेवढं राहिलं. पुढं नाव नाही, काही नाही. एसीचा आवाज चालू होता आणि मला वाटलं माझ्या पाठीमागं कुणीतरी उभं राहून तेच वाचतंय. मी वळून बघितलं. राखाडी भिंत.

आता कळतं, मीच टाकलेलं अक्षर ते, दुसरं कोण येणार तिथं. पण त्या घटकेला मी ते मला आठवू दिलं नाही. मला वाटलं, त्यानं लिहिलंय. देवाशपथ, मला तसं वाटलं. मी झडप घातल्यासारखं ते पुसलं, फाइल सेव्ह केली आणि बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन उन्हात उभा राहिलो. यादीतून काळा गेला का, हे बघायचं राहून गेलं. बघायला परत त्या खोलीत बसावं लागलं असतं, आणि ते माझ्यानं झालं नाही. चहा पिऊन मी बाहेरूनच मालकाला सांगितलं, फाइल ओके, प्लेटा काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी प्रेसमध्ये आली. आमच्याकडं पहिली छापलेली पत्रिका मशीनवरून उतरली की घरच्या सवाष्णीनं तिला हळदीकुंकू लावायचं, मग ती देवापुढं जाते. ताटली, अक्षता, सगळं घेऊन ती मशीनजवळ उभी होती. चाचांनी तिला स्टूल दिलं, पण ती बसली नाही. मी कौतुकानं मशीन दाखवत होतो, या प्लेटवरून लाल जाणार, या प्लेटवरून सोनेरी.

"भाई," चाचा मधेच म्हणाले, "दो रंग बोले थे ना तुम? ये तिसरी प्लेट किसकी है?"

त्यांनी ती टेबलावर ठेवली. प्लेटवरचा मजकूर उलटा नसतो, सरळ वाचता येतो. चकचकीत कोरा पत्रा आणि त्याच्यावर निळसर अक्षरं. चार पत्रिकांपैकी तीन जागी 'कै.'. चौथी जागा मोकळी. एकाच ठिकाणी मी पुसलं होतं, बाकीच्या तिघांवर ते तसंच होतं. मी प्लेट झाकायला पुढं झालो, पण वहिनी माझ्याही पुढं येऊन वाकली होती. तिनं तिन्ही जागांवरनं बोट फिरवलं, न टेकवता.

"हे काय, भाऊजी?"

"चुकून आलंय. मशीनची चूक हाय."

"मशीनला कुणी सांगितलं?"

चाचा मराठी चांगलं समजतात. ते पुढं आले, प्लेट उचलली आणि भिंतीकडं तोंड करून उभी ठेवली. मग दोनच प्लेटा चढवल्या आणि मशीन चालू केलं. पहिला कागद उतरला. दादाच्या नावाआधी 'श्री.', कुंकवाच्या लालात, स्वच्छ. वहिनीनं त्याला हळदीकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. "लाल छान आलाय," ती चाचांना म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

लग्न नीट पार पडलं. मी आणि बायको कन्यादानाला बसलो. पत्रिका वाचून कुणी काही विचारलं नाही, किंवा माझ्या कानावर आलं नाही. मी मात्र सगळं लग्नभर वहिनीला चुकवत होतो. ती समोरून आली की मला पंगतीचं काम निघायचं.

पुतणी सासरी गेली त्याला पंधरा दिवस झाले असतील. सकाळी अकराच्या सुमारास वहिनी माझ्या त्या राखाडी खोलीत आली. आजवर ती कधी आत आली नव्हती. कपाळ मोकळं होतं. ती बाजूच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "त्यांच्या गंधमुक्तीचं कार्ड काढायचंय. एका रंगात काढा."

मी "वहिनी" एवढंच म्हणालो.

"गुरुजींना विचारून आले. माणूस सापडला नसला तर दर्भाचा पुतळा करून विधी करतात म्हणे. पोरीचं लग्न व्हायचं होतं म्हणून थांबले. आता लिहा."

मी नवीन फाइल उघडली. अक्षरं आपोआप काळी येत होती, यावेळी ती तशीच हवी होती. नावाआधी 'कै.' मीच लिहिलं, तिच्यासमोर. मग तिथी आली. गेल्याची तिथी कार्डावर लागतेच. माझ्या लेखी दादाला दवाखान्यात बघितलं तीच त्याची तिथी. दवाखान्यातनं आलो तो दिवस मी इतक्या वर्षांत कॅलेंडरवर कितीदा बघितलाय! पण विचारल्यासारखं करणं भाग होतं.

"तिथी काय टाकायची, वहिनी?"

"कार्तिक वद्य अष्टमी."

"अष्टमी नाय," मी म्हणालो, "नवमी." आणि जीभ चावली. पण बोलून गेलो होतो, बोटांनी ते टाइपही केलं होतं. ज्या प्रेताला मी आठ वर्षं दादा नाय म्हणत आलो, त्याची तिथी मी तिला दुरुस्त करून देत होतो.

ती दचकली नाही. ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही नवमीला गेला होता," ती म्हणाली. "मी अष्टमीला. हवालदार घरी आला तवा तुम्ही कामावर होता. मीच गेले त्याच्यासंगं, पोरीला शेजारी ठेवून. मी मण्यावरनं वळखलं त्यांना. अन् माझ्या तोंडातून निघालं, नाय. हवालदाराला हात जोडले, मी आले होते हे घरी कुणाला सांगू नका म्हणून. तो म्हणाला, भावालाबी एकदा दाखवावं लागंल. वाटंनं येताना ठरवलं, उद्या भाऊजींना बोलावतील, ते व्हय म्हणतील, मग बसून रडू. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपास्नं दारात उभी होते."

मी मान वर केली नाही.

"तुम्ही आला अन् म्हणाला, तो दादा नाय. मी नीट बघितलं का म्हणून विचारलंसुद्धा. तुम्ही व्हय म्हणाला. मला वाटलं, सख्खा भाऊ असं कशाला खोटं बोलंल? माझीच नजर चुकली असंल. भाऊजी, मी डोळ्यांनी बघून आले होते. तुमच्या शब्दावर मी माझे डोळे खोटे धरले अन् आठ वर्षं वाट बघितली."

मी नवमी खोडून अष्टमी टाइप केलं. मग मला रडू कोसळलं, बाहेर मशीनवर ऐकू जाईल एवढं. वहिनीनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. तिनं स्क्रीनवरचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला आणि शोकाकुलांमध्ये पहिलं लिहिलेलं माझं नाव सगळ्यात खाली घ्यायला सांगितलं.